टरफलांचा पाहुणचार

माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मला जवळचं दिसत नाही. हे एका दमात कबूल करायला मला चार वर्षं लागली आणि त्यापायी दीड-दोनशे जीव गेले. तेव्हा आधीच सांगतो, या गोष्टीत माझ्याकडून शौर्याची वगैरे अपेक्षा ठेवू नका.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ऐकवतो, "अहो, चाळिशी कोणाला चुकलीय? लाजायचं काय त्यात?" मग वाचायचा तक्ता त्याच्या हातात देतो. तो अडखळला की पुढची ओळ मी सांगतो, कारण तक्ता मला तोंडपाठ आहे. स्वतः मात्र मी मोबाइल हातभर लांब धरून वाचायचो. हात पुरेना झाला तेव्हा मोबाइल कपाटाला टेकवून ठेवायचा आणि आपण दोन पावलं मागे सरकायचं, अशी युक्ती काढली. बायको म्हणायची, "अहो, घ्या की एखादा चष्मा. दुकान आपलंच आहे." मी म्हणायचो, हल्ली छापतातच फार बारीक. नाचता येईना, अंगण वाकडं. चष्मेवाल्याचे स्वतःचे डोळे धडधाकट दिसले की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो, असं तत्त्वज्ञानही मी तयार ठेवलं होतं. खरं कारण एवढंच की केस गेले होते, पोट पुढे आलं होतं, आणि म्हातारं दिसायला आणखी एक वस्तू मला नको होती.

आता आमचे सासरे. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. खाली दुकान, वर घर, आणि दोन्ही त्यांचं. म्हणजे मी घरजावई. हा शब्द मी स्वतःच आधी वापरून टाकतो, दुसऱ्याला संधी मिळू देत नाही. अप्पा निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्यभर त्यांनी पुलांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढले. रेघ केसभर इकडची तिकडे झाली तरी त्यांना जेवण जात नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी स्वयंपाकघरात एक फळी ठोकली होती. अप्पांनी तिच्यावर लेव्हलची पट्टी ठेवली, आतला बुडबुडा पाहिला आणि काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी दुकान बंद करून वर आलो तर फळी नव्याने ठोकलेली होती. त्यानंतर एकोणीस वर्षांत त्यांनी मला नळाचा वायसरसुद्धा बदलू दिला नाही. आणि तेही "जावईबापू, तुम्ही कशाला त्रास घेता" अशा गोड भाषेत. एकदा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

निवृत्तीनंतर अप्पांना माशांचा नाद लागला. त्यांच्याकडे काळ्या एंजल माशांची एक जोडी आहे. तीन वर्षं ती जोडी अंडी घालायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खाऊन टाकायची. अप्पा वहीत तारीख लिहायचे आणि तिच्यापुढे 'खाल्ली' असं लिहायचे. अशी वहीची दोन पानं भरली. शेवटी यंदा त्यांनी अंडी घातलेलं पान अलगद कापून एका छोट्या टाकीत ठेवलं आणि ती टाकी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात सरकवली, कारण तिथे ऊब राहते. अंडी फुटली. पिल्लं चार-पाच दिवस पानाला चिकटून थरथरत राहिली आणि अप्पांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या तोंडावर सुटून पोहायला लागली. दोनशेच्या आसपास.

"तीन वर्षांनी," अप्पा म्हणाले आणि त्यांचा आवाज कापला. आमच्या लग्नातही तो कापला नव्हता, निदान माझ्याकडे बघून तरी नाही.

अडचण अशी, की ही पिल्लं पोहायला लागली की त्यांना जिवंत खाणं लागतं. भुकटी तोंडाशी आली तरी बघत नाहीत. समोर काहीतरी हललं पाहिजे, तर खातात. आणि दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं की कारभार आटोपला. त्यासाठी आर्टेमिया. हा खाऱ्या पाण्यातला, झिंग्याच्या जातीचा एक कणभर जीव. त्याची सुकी अंडी डबीत मिळतात, दिसायला थेट तपकिरी धूळ. मिठाच्या पाण्यात ती घालायची, पंपाने खालून हवेचे बुडबुडे सोडत राहायचं, की एका दिवसात अंडी फुटतात आणि आतून केशरी ठिपके पोहत बाहेर येतात. ते ठिपके पिल्लांनी खायचे. अप्पांनी त्यासाठी दोन प्लास्टिकच्या बाटल्या बूड कापून उलट्या टांगल्या होत्या. एक आजची, एक उद्याची, म्हणजे रोज ताजा माल.

"मी आठ दिवस हॉस्पिटलात," अप्पा म्हणाले. "कोणाला तरी सांगायला हवं."

"मी आहे ना," मी म्हणालो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ती फळी एकोणीस वर्षं माझ्या छातीत रुतून बसली होती. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती हॉस्पिटलात त्यांच्याजवळ राहणार होती, तिने शाळेतून रजाच घेतली होती, त्यामुळे दुसरं कोणी नव्हतंच.

"बरं," अप्पा म्हणाले.

मग त्यांनी टेबलाशी बसून एक कागद लिहिला. आधी शिसपेन्सिलीने रेघा मारल्या, मग शाईने अक्षर. एका रेघेत दोन ओळी मावतील असं, सुबक, सरळ आणि माझ्यापुरतं बोलायचं तर मुंग्यांची रांग. "वाचून घ्या," ते म्हणाले. मी कागद हातभर लांब धरला, शोभेल एवढा वेळ धरला, मधेच भुवया उंचावल्या, मान हलवली.

"सोपं आहे," मी म्हणालो.

"काही शंका?"

"छे."

अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. कागद मी बाटल्यांशेजारी भिंतीवर चिकटवला आणि पुढे त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली बाटली तयार झाली. हवा बंद करायची असते हे मी अप्पांना करताना पाहिलं होतं. बुडबुडे थांबले आणि दहा मिनिटांत बाटलीत तीन थर दिसायला लागले. वर दाट तपकिरी साय. मधे नुसतं पाणी. खाली तळाशी, जिथे अप्पांनी छोटा दिवा लावला होता तिथे, गंज उतरावा तसा केशरी धुरकट गाळ. आता अशा वेळी माणसाने अक्कल वापरायची असते. दुधात चांगलं असेल ते वर येतं. टाकाऊ असेल ते खाली बसतं, म्हणून तर त्याला गाळ म्हणतात. मी चमच्याने वरची साय हलक्या हाताने काढली, गोड्या पाण्याने धुतली, पालथा पडून टाकीत सोडली. तळचा गाळ बेसिनमध्ये ओतला. बाटली घासून लख्ख केली. मनात म्हटलं, बघा अप्पा, काम असं असतं.

पालथा पडून, कारण ती टाकी जमिनीपासून वीतभरच वर होती. माझ्या पोटाची आणि फरशीची अशी गाठ बऱ्याच वर्षांनी पडली. पिल्लं म्हणाल तर मला पाण्यात हलणाऱ्या बारीक रेघा दिसायच्या. त्या रेघा सायीकडे यायच्या, टोचायच्या, मागे फिरायच्या, पुन्हा यायच्या. मला वाटलं, सावकाश जेवताहेत.

ऑपरेशन पार पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"खातात?"

"पोटभर."

"पोटं केशरी दिसतात का? आर्टेमिया पोटात गेला की आरपार केशरी दिसतं."

मला पिल्लंच धड दिसत नव्हती, त्यांची पोटं कुठून दिसणार. "अगदी केशरी," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून वर जोडलं, "संत्र्यासारखी."

पलीकडे अप्पा हसले. माझ्या बोलण्यावर हा माणूस खुशीने हसल्याचं मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. "वा, जावईबापू," ते म्हणाले. मग बायकोने फोन घेतला आणि बाहेर जाऊन हळू आवाजात सांगितलं, "अहो, सकाळपासून डॉक्टर उठा म्हणताहेत तर तोंड फिरवून पडले होते. दुखतं, नको म्हणत होते. आता म्हणताहेत, वॉकर द्या."

झालं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी एकच प्रश्न आणि एकच उत्तर. केशरी? केशरी. मी केशरी म्हणायचो आणि अप्पा चालायचे. पहिल्या दिवशी दारापर्यंत, मग वऱ्हांड्यात, मग वऱ्हांड्याच्या टोकाला. बायको सांगायची, "नर्सला म्हणत होते, घरी दोनशे पिल्लं आहेत, जावई बघतोय." हे ऐकून माझी छाती फुगायची. फुगायला तिला लाज वाटायला हवी होती, पण छाती काही गुणी मुलगी नाही.

इकडे रेघा कमी होत चालल्या होत्या. मी स्वतःची समजूत घातली की लपली असतील. त्या टाकीत लपायला जागा म्हणजे एक पान. पाचव्या दिवशी सकाळी मात्र पाणी रिकामंच वाटलं आणि तळाशी पांढरट कापसासारखं काहीतरी पसरलेलं होतं. मी नळीने डिवचलं. हललं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. नुसती माशांची नाही. आज संध्याकाळी फोन येणार होता, त्याची.

मी बाटलीतली चमचाभर साय एका छोट्या काचेच्या बरणीत घेतली आणि दुकानात गेलो. दार आतून लावलं. डोळे तपासायची जी जड गोल फ्रेम असते, जी घातली की भलाभला माणूस घुबड दिसतो, ती काढली. तिच्यात दोन नंबरची भिंगं बसवली आणि नाकावर चढवली. आधी स्वतःचा हात दिसला. नखांत मळ होता. चार वर्षं मी हा हात घेऊन लोकांच्या नाकावर चष्मे बसवत होतो. मग सायीचा थेंब काचेवर घेतला आणि वरून आणखी एक मोठं भिंग धरलं.

टरफलं. फुटकी, रिकामी, तपकिरी टरफलं. शंभरात एखादा केशरी जीव त्यांच्यात अडकून हातपाय हलवत होता, बाकी सगळी नुसती टरफलं. मी पाच दिवस त्या लेकरांना टरफलं वाढत होतो आणि त्यांचं जेवण बेसिनमध्ये ओतत होतो, वर बाटली घासून.

फ्रेम तशीच नाकावर ठेवून मी जिना चढलो आणि भिंतीवरचा कागद वाचला. काय सुंदर अक्षर होतं. 'हवा बंद करून दहा मिनिटे थांबणे. वर तरंगतात ती टरफले, ती टाकून देणे. तळाशी दिव्याजवळ केशरी जमतात ते जिवंत, ते नळीने ओढून घेणे.' खाली दोन रेघा मारलेल्या. आणि सगळ्यात शेवटी, बाकीच्याहून जरा घाईत लिहिलेलं, 'अडले तर फोन करावा. मी हसणार नाही.'

मी खाली बसलो आणि रडलो. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण मी दुकानात इतरांबद्दल कैकदा वापरली आहे. त्या दिवशी नाक आणि शेंबूड दोन्ही माझेच होते. पण खरं रडू आलं ते त्या शेवटच्या ओळीचं. त्या माणसाला माहीत होतं. फळीपासून माहीत होतं की मी विचारणार नाही, आणि तरी त्याने लिहिलं होतं.

मग उठलो, दुसऱ्या बाटलीची हवा बंद केली, थांबलो, तळातून नळीने केशरी पाणी ओढलं, धुतलं आणि पालथा पडलो. यावेळी दिसलं. ठिपके झटके देत पोहत होते. पानाच्या मागून एक पिल्लू आलं, शरीर वाकवून थबकलं आणि झडप घातली. मग दुसरं. मी मोजली. अकरा होती. टरफलांबरोबर चुकून गेलेल्या चार-दोन जिवांवर एवढी तगली होती. दहा मिनिटांत त्यांची पोटं आरपार केशरी झाली. जे वर्णन मी रोज फोनवर करत होतो ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. संत्र्यासारखी नव्हती, फिकी होती.

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "केशरी?" मी म्हणालो, "केशरी." त्या दिवशी ते खरं होतं, म्हणून मी त्याच्याआड लपलो. किती, असं त्यांनी विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, सांगितलं तर चालणं थांबेल. हे कारण इतकं सोयीचं होतं की मलाच त्याचा संशय आला. बायकोला मात्र दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. "मी त्यांना सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचं."

अकरातली दोन मधल्या दिवसांत गेली. आठव्या दिवशी अप्पा घरी आले. जिना चढताना मी हात पुढे केला तर म्हणाले, "नको, शिकवलंय मला." प्रत्येक पायरीला थांबून, कठडा धरून, घामाघूम होत ते वर आले आणि कोणाशी न बोलता थेट कपाटापुढे जाऊन उभे राहिले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की खालच्या खणातलं त्यांना दिसणार नाही. वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. टाकी हलवली तर एवढीशी पिल्लं हादऱ्याने जातात, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी खुर्ची दिली. ते बसले, पाय लांब केला आणि म्हणाले, "हं. सांगा."

माझ्या मनात काय आलं तेही सांगून टाकतो. मनात आलं, दीड महिना तरी हा माणूस खाली वाकू शकत नाही. दोनशे म्हणा, दीडशे म्हणा, कोण बघायला येतंय. दाराशी बायको औषधांची पिशवी घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"अप्पा, नऊ राहिलीत," मी म्हणालो.

आणि मग थांबलो नाही. "तुमचा कागद मला वाचता आला नाही. मला चार वर्षांपासून जवळचं दिसत नाही. मी वरची टरफलं घालत होतो आणि तळचं ओतून देत होतो. पाच दिवस. पोटं केशरी आहेत म्हणून सांगितलं ते न बघता सांगितलं."

"पहिल्या दिवशी म्हणालात, तेव्हाही?"

"तेव्हाही."

अप्पांनी गुडघ्यावरची पट्टी नीट केली. ती नीटच होती. "तुम्ही केशरी म्हणालात म्हणून मी उठलो होतो," ते म्हणाले. जावईबापू म्हणाले नाहीत. मग त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला आणि माझं जे काही बोलायचं राहिलं होतं ते तसंच राहिलं.

दुपारी ते दोन घास जेवले. चार वाजता बायको म्हणाली, "अप्पा, चालायची वेळ झाली." ते म्हणाले, "राहू दे." पाच वाजता तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला. वॉकर भिंतीला टेकून उभा होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि एकोणीस वर्षांत प्रथमच मला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

सहा वाजता पिल्लांची वेळ असते. मी हवा बंद केली, थांबलो, तळातून ओढलं, धुतलं. दुकानातून आणलेला चष्मा नाकावर होता, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढायची राहिली होती. पालथा पडलो आणि नळीने थेंब थेंब सोडलं. खोलीत फक्त पंपाची घरघर होती. अप्पा खिडकीकडे तोंड करून होते ते तसेच होते.

पुष्कळ वेळाने वरून आवाज आला. "घातलं?"

"घातलं."

"पोटं?"

मी गाल फरशीला टेकवला आणि एकेक पिल्लू पाहत गेलो. कोपऱ्यात तळाशी दोन होती, ती झडप घालत नव्हती. पुन्हा एकदा पाहिलं. सगळ्यांची केशरी, असं म्हणावंसं मला फार वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं, भिंतीशी उभ्या असलेल्या त्या वॉकरसाठी वाटलं.

"सात जणांची केशरी," मी म्हणालो. "दोघांची नाहीत. एक बहुतेक जगणार नाही."

खुर्ची करकरली. "दोघांची नाहीत?"

"नाहीत."

"नीट बघा."

"बघितलं, अप्पा. नाहीत."

"मग सात तरी खरी आहेत," अप्पा म्हणाले आणि वॉकरकडे हात करून मला म्हणाले, "तो इकडे द्या."